बर्फ न पडणाऱ्या गावातला बर्फाचा कोश

(प्रस्तावना)

पांढरकवड्यात बर्फ दोनच ठिकाणी भेटतो, रसवंतीवर आणि गोळ्याच्या गाडीवर. आभाळातून पडतात त्या गारा. त्याही गहू-हरभरा काढणीला आला की पडतात, म्हणून त्यांच्याकडे इथं कोणी कौतुकानं बघत नाही. अशा गावात बसून इंग्रजीतल्या 'स्नो' या एका शब्दाचा आणि त्याच्या भोवती जमलेल्या जोडशब्दांचा कोश करायचा, हे ऐकल्यावर लोक आधी हसले. मग जवळजवळ प्रत्येकानं एकच विचारलं, "कशासाठी?" ही प्रस्तावना म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे.

सुरुवात वर्गात झाली. शिकवताना एका गोष्टीत 'स्नोबाउंड' असा शब्द आला. मी फळ्यावर अर्थ लिहिला : बर्फानं बांधलेला. मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, बर्फानं माणूस बांधणार कसा? तो तर हातात विरघळते." तिच्या डोळ्यांसमोर होती ती भुशात ठेवलेली, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. माझा अर्थ कोशाप्रमाणे बरोबर होता आणि तरी तो तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तेवढ्यात दुसरा पोरगा म्हणाला, "पूर आला का आपण पलीकडं अडकतो ना, तसं असंन." वर्गाला अर्थ कळला तो तेव्हा. खुनी नदीच्या पुरानं जे समजावलं ते माझ्या 'बर्फ' या शब्दानं समजलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी असे शब्द वहीत टिपून ठेवायला लागलो. वह्या वाढल्या तसं लक्षात आलं की प्रश्न शब्दार्थाचा कमी आणि शब्दामागच्या जगण्याचा जास्त आहे. जोडशब्द म्हणजे कुणीतरी केलेल्या कामाची, भोगलेल्या अडचणीची नोंद असते. ती नोंद उलगडता आली की हिवाळ्यात कधी स्वेटरही न घातलेल्या माणसाला बर्फाचं जग कळू शकतं. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे.

आपल्या पदरी काय आहे?

इंग्रजी शब्दांकडे जाण्याआधी आपली झोळी तपासू. मराठीत स्नोलाही 'बर्फ' आणि आइसलाही 'बर्फ'. यात कमीपणा काही नाही. टेरी रेजियर, अलेक्झांड्रा कार्स्टेन्सन आणि चार्ल्स केम्प या संशोधकांनी २०१६ साली जगभरच्या भाषा तपासून दाखवलं की या दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या भाषा बहुधा उष्ण प्रदेशातल्या असतात. जिथं फरक करायची गरज पडत नाही तिथं भाषा उगाच दोन शब्द सांभाळत बसत नाही.

'बर्फ' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'बर्फ' म्हणजे आभाळातून पडणारा. गोठलेल्या पाण्याला तिथं 'यख' हा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे येता येता या शब्दानं आभाळ सोडलं आणि लादी धरली. तसं होणं साहजिक होतं. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्यानं १८३३ साली बॉस्टनकडच्या तळ्यांतला बर्फ जहाजानं कलकत्त्याला पाठवला आणि पुढं मुंबईतही परदेशी बर्फ उतरू लागला. आपल्या पूर्वजांना बर्फ भेटला तो विकत घ्यायची वस्तू म्हणून. त्याच फारसी शब्दाची एक गोड लेक मात्र प्रत्येक हलवायाकडे बसलेली असते, ती बर्फी.

संस्कृतातून आलेलं 'हिम' आपण दोन तऱ्हांनी ठेवलं. देवघरातल्या भांड्यासारखं जपलेलं रूप हिमालय, हिमाचल, हिमनदी अशा शब्दांत दिसतं. रोजच्या वापरात झिजलेलं रूप म्हणजे 'हिव'. हिमकाळाचा झाला हिवाळा, आणि थंडी वाजून येणारा तो हिवताप. मैदानात उतरल्यावर बर्फ वितळला आणि त्याचा नुसता गारवा भाषेत उरला. 'हेमंत' त्याच घरातला. ग्रीक आणि लॅटिन भाषांतले हिवाळ्याचे जुने शब्दही याच मुळापासून निघाले, असं भाषाशास्त्र सांगतं. 'तुषार'ची गोष्ट आणखी गमतीची. संस्कृतात हिम, दव, थंड फवारा असे अर्थ वागवणारा हा शब्द आज आमच्या शेतात तुषार सिंचनाच्या नळीतून उडतो.

याखेरीज अस्सल घरचा माल आहेच. गार, गारठा, गारवा, गारपीट, दव, दहिवर, धुकं. आमच्याकडे धुक्याला 'धुवारी' म्हणतात आणि तूर फुलोऱ्यात असताना ती पडली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. थंडीच्या एखाद्या रात्री तुरीचं उभं पीक करपून जातं, त्याला 'दवाळ' गेला म्हणतात. बर्फाच्या सगळ्यात जवळ आमचा तालुका पोचतो तो या शब्दाशी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रं छायाचित्रं छापतात. आमच्या दवाळाचं छायाचित्र कुणी काढत नाही, कारण तो नुकसानभरपाईच्या अर्जात असतो.

आणि 'स्नो'? हा शब्द मराठी घरात इंग्रजी शाळेच्या आधी शिरला, तोही आरशासमोरून. मुंबईत पाटणवाला यांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' हे चेहऱ्याला लावायचं क्रीम बाजारात आणलं आणि 'स्नो-पावडर' हा अस्सल मराठी जोडशब्द जन्माला आला. लग्नाला निघालेल्या बाईच्या तोंडी तो सहज असे. आमच्या आज्यांना स्नो ठाऊक होता, तो पडतो एवढंच ठाऊक नव्हतं.

एका शब्दाचं गोत

इंग्रजी 'स्नो' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'स्नाव' होता. जर्मन 'श्ने', रशियन 'स्नेग' ही त्याची भावंडं. लॅटिनमध्ये सुरुवातीचा 'स' गळून 'निक्स' झाला. 'निव्हिया' या क्रीमचं नाव आणि अमेरिकेतलं 'नेवाडा' हे राज्य, दोन्ही त्याच लॅटिन मुळाचे वंशज आहेत. म्हणजे बर्फाच्या नावानं चेहऱ्याचं क्रीम विकायची कल्पना फक्त मुंबईची नव्हती.

या गोतावळ्यात आपलाही एक शब्द बसतो. अनेक भाषाशास्त्रज्ञ 'स्नो'च्या मुळाशी संस्कृत 'स्निह्' हा धातू जोडतात. चिकटणं, ओलसर होणं हा त्याचा अर्थ. त्यातूनच 'स्निग्ध' आणि 'स्नेह'. प्राकृतात याच शब्दाचं रूप दव-हिमाच्या अर्थानंही आढळतं. उत्तरेकडे राहिलेल्यांनी चिकटून बसणाऱ्या पांढऱ्या थराला ते नाव ठेवलं आणि उन्हाच्या देशात आलेल्यांनी ते तेलातुपाला आणि मायेला दिलं. संक्रांतीला आपण तिळगूळ देताना ज्या स्निग्धतेचा उल्लेख करतो, तिचं आणि हिमवादळाचं मूळ एक असावं, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

समासाचा खेळ

या कोशाचा गाभा जोडशब्दांचा आहे, म्हणून त्यांच्या घडणीबद्दल थोडं विस्तारानं बोलायला हवं. इंग्रजी दोन नामं शेजारी ठेवते आणि गप्प बसते. त्यांचं आपसातलं नातं काय, ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. स्नोफॉल, स्नोशू, स्नोमॅन, स्नोप्लाऊ या चारही शब्दांत 'स्नो' पुढंच उभा आहे, पण चारही ठिकाणी त्याचं काम वेगळं आहे. व्याकरणाचं पुस्तक मुलांना इथं फार मदत करत नाही. शाळेत पाठ केलेला समासविग्रह मात्र करतो.

स्नोफॉल म्हणजे हिमाचा पात, हा षष्ठी तत्पुरुष. स्नोबाउंड म्हणजे हिमानं अडकलेला, तृतीया तत्पुरुष. स्नोशू म्हणजे भुसभुशीत बर्फात पाय रुतू नये म्हणून बांधायची रुंद, जाळीदार चौकट, अर्थात हिमासाठी जोडा, चतुर्थी तत्पुरुष. स्नो-व्हाइट म्हणजे हिमासारखा शुभ्र. मेघासारखा श्याम तो मेघश्याम, तसाच हा कर्मधारय, आणि तो जुन्या इंग्रजीतही होता. स्नोमॅनचा विग्रह करताना मुलं अडखळली, तेव्हा मी त्याला पुरणपोळीच्या रांगेत बसवलं. पुरण घालून केलेली पोळी, तसा बर्फ रचून केलेला माणूस. मधलं पद लोपलं. स्नोप्लाऊचंही तेच. बर्फ नांगरणारा नांगर असा अर्थ घेतला तर पोरं विचारतात की पेरणार काय? तो रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारा नांगर आहे. आणि स्नोशू हेअर हा ससा तर सरळ बहुव्रीहीच्या घरचा. स्नोशूसारखे रुंद पाय आहेत ज्याचे, तो.

यात आणखी एक गंमत आहे. समासांचं इतकं बारीक वर्गीकरण पाणिनीच्या परंपरेत झालं की पाश्चात्त्य भाषाशास्त्रानं त्यातली नावंच उचलली. इंग्रजी जोडशब्दांवरच्या ग्रंथांत 'तत्पुरुष' आणि 'बहुव्रीही' हे शब्द आजही जसेच्या तसे छापले जातात. आमच्या मुलांना हे सांगितल्यावर दहावीच्या व्याकरणातला रुक्ष धडा त्यांना पहिल्यांदा कामाचा वाटला.

इंग्रजीचं केवळ 'स्नो'नं भागत नाही, हेही ध्यानात ठेवावं. ज्या बेटावर ही भाषा वाढली तिथं बर्फ काही आठ महिने साचून राहत नाही. म्हणून गरज पडेल तिथं तिनं बेलाशक उसनवारी केली. डोंगरावरून कोसळणाऱ्या हिमासाठी फ्रेंचमधून अ‍ॅव्हलांच घेतला. मऊ गारेसारख्या दाण्यांना जर्मन ग्राउपेल, जुन्या घट्ट बसलेल्या थराला जर्मन फिर्न. वाऱ्यानं बर्फावर कोरलेल्या नांगरटीसारख्या रेघांना रशियन सास्त्रुगी. नॉर्वेकडून स्की, इनुइट लोकांकडून इग्लू. ब्लिझर्ड हा शब्द हिमवादळ या अर्थानं अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुळला. ज्याच्या अंगणात जो बर्फ पडला त्याच्याकडून तो शब्द. उसनवारीची लाज बाळगणाऱ्या मराठी माणसानं हे जरूर बघावं.

आणि एकदा शब्द घरचा झाला की तो बर्फ सोडून भलतीकडे फिरायला लागतो. कर्ज किंवा अफवा वाढत गेली की ती 'स्नोबॉल' होते, गडगडत जाताना मोठ्या होणाऱ्या गोळ्यावरून. कडाक्याची थंडी चुकवायला कॅनडातून फ्लोरिडाला जाणारी म्हातारी माणसं 'स्नोबर्ड'. गोड बोलून डोळ्यांत धूळ फेकणं म्हणजे 'स्नो जॉब'. धुळीच्या देशात धूळ, बर्फाच्या देशात बर्फ. फसवणूक दोन्हीकडे तीच.

किती शब्द, हा वाद

बर्फ आणि भाषा हे दोन शब्द एकत्र आले की कोणीतरी हमखास म्हणतो, "एस्किमोंच्या भाषेत बर्फाला शंभर शब्द आहेत." या वाक्याचा इतिहास नव्या वाचकाला माहीत असावा, कारण या विषयाचे सगळे पंथ त्याच्या भोवती उभे आहेत.

मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये इनुइट भाषेतली चार वेगळी मुळं नोंदवली. जमिनीवरचा बर्फ, पडत असलेला बर्फ, वाऱ्याबरोबर वाहत चाललेला बर्फ आणि वाऱ्यानं लावलेला बर्फाचा ढीग. त्यांना सांगायचं होतं ते साधं. इंग्रजीत पाण्याची नदी, तळं, पाऊस, दव अशी वेगवेगळी नावं आहेत, तसं त्यांच्याकडे बर्फाचं आहे. १९४० साली बेंजामिन ली व्होर्फ यांनी हे उदाहरण उचलून भाषा माणसाच्या विचाराला वळण देते या आपल्या मताला जोडलं. पुढं आकडा हातोहात फुगत गेला. १९८४ पर्यंत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या अग्रलेखात तो शंभरावर पोचला होता. १९८६ मध्ये लॉरा मार्टिन यांनी या फुगवट्याचा माग काढला आणि जेफ्री पुलम यांनी १९८९ च्या लेखात त्याची यथेच्छ टर उडवली. मग लंबक पुन्हा फिरला. इगोर क्रुपनिक आणि लुडगर म्युलर-विले यांनी २०१० मध्ये बोआस यांच्या नोंदी परत तपासून दाखवलं की इनुइट प्रदेशातली हिमाची आणि हिमखंडांची शब्दसंपत्ती खरोखरच मोठी आहे, टर उडवणाऱ्यांनी समजलं त्याहून मोठी. २०१५ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी स्कॉट्स भाषेत बर्फाशी निगडित ४२१ शब्द मोजल्याचं जाहीर केलं.

मला विचाराल तर ही मोजणी म्हणजे कापूसकोंड्याची गोष्ट आहे. इनुइट भाषेत मुळाला प्रत्यय लावत लावत एका वाक्याएवढा शब्द होतो. इंग्रजीत नाम नामाला जोडत जाता येतं. दोन्हीकडे शब्द संपायचे नाहीत, मग मोजायचं काय? आकड्यापेक्षा विचारावं हे की कोणता फरक करायची गरज कोणाला पडली.

हे कळायला आमच्या तालुक्यात लांब जावं लागत नाही. शहरातला पाहुणा फुटलेल्या कपाशीच्या वावरात उभा केला तर त्याला सगळं पांढरं दिसतं. वेचणाऱ्या बाईला तसं दिसत नाही. ती स्वच्छ कापूस वेगळा करते आणि किडलेली, पिवळी पडलेली कवडी वेगळी. पहिला वेचा कुठला, शेवटचा कुठला, हे ती बोटांनी सांगते. पऱ्हाटी, पातं, बोंड, सरकी, रुई, गाठ, फरदड, असं एका झाडाच्या प्रवासातल्या प्रत्येक मुक्कामाला नाव आहे. जिनिंगमध्ये गेलात तर आणखी वेगळी भाषा सुरू होते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा 'बोंडअळी' हा जोडशब्द ज्यांनी कधी कपाशीचं झाड पाहिलं नव्हतं अशांच्याही तोंडी आला. शब्द असे श्रमातून आणि घावातून येतात. कोणाकडे कापसाचे किती शब्द आहेत हे मोजून त्याची बुद्धी ठरवायला निघालेला माणूस आमच्या वावरात एक दिवस वेचायला आणावा.

या वादाचा एक धागा थेट आमच्या दारात येतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बोआस यांचे शिष्य एडवर्ड सपीर. सपीर यांच्या वर्गात व्होर्फ बसले आणि येल विद्यापीठातच सपीर यांच्या हाताखाली मरे एमेनो यांनीही भाषा टिपण्याचे धडे घेतले. हे एमेनो १९३० च्या दशकात भारतात आले, गावोगाव हिंडले आणि १९५५ साली त्यांचा कोलामी भाषेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वर्ध्याकडच्या कोलामांची बोली आहे. कोलामी आमच्या केळापूर तालुक्यातही बोलली जाते. बर्फाच्या शब्दांवरून जगभर वाद घालणारी गुरुपरंपरा आणि कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, बसून शब्द लिहून घेणारी गुरुपरंपरा एकच आहे. त्यामुळे पांढरकवड्यात बसून बर्फाच्या शब्दांचा विचार करणं विचित्र आहे, असं आता मला वाटत नाही.

आभाळातला बर्फ आणि शास्त्राची भाषा

भाषेच्या अभ्यासकांइतकेच बर्फाला शब्द दिले ते शास्त्रज्ञांनी. योहानेस केप्लर यांनी १६११ मध्ये हिमकणाला सहाच कोपरे का असतात, यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधले शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं छायाचित्र टिपलं आणि आयुष्यभर हजारो कण टिपत राहिले. जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखवला. १९६६ मध्ये मागोनो आणि ली यांनी नैसर्गिक हिमकणांचे ८० प्रकार पाडले. आपल्याकडे मनालीला १९६९ मध्ये हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी लष्करी संशोधन संस्था उभी राहिली, कारण सीमेवरच्या जवानांसाठी हा जिवाचा प्रश्न होता.

इथंच गार आणि हिमकण यांतला फरक सांगून टाकतो, कारण आमच्या मुलांची पहिली चूक तिथंच होते. गार गडगडाटी ढगात बनते. पाण्याचे थेंब जोरदार वर जाणाऱ्या हवेत गोठतात, थरावर थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की गोळा खाली येतो. हिमकण मात्र वाफेतूनच थेट स्फटिक होऊन वाढतो. वाढताना पाणी होण्याचा मधला टप्पा तो घेत नाही. म्हणून गार आपटते आणि हिम उतरतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली तिला 'स्नोफॉल' म्हणणं हे शब्दाचंच नाही, शेतकऱ्याचंही नुकसान आहे.

आता का?

कोणी म्हणेल, हे सगळं ज्ञान छान आहे, पण आजच का हवं? त्याची कारणं मला तीन दिसतात.

पहिलं कारण बातम्यांचं. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडात चमोलीला प्रलय आला. दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्या दिवशी मराठीत कुठं 'हिमकडा कोसळला' म्हटलं गेलं, कुठं 'हिमनदी फुटली', कुठं 'बर्फ कोसळला'. या तीन वेगळ्या घटना आहेत. पुढं शास्त्रज्ञांनी सांगितलं की रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ यांचा प्रचंड लोंढा तुटून खाली आला होता. हवामान बदलतं आहे, हिमालयातल्या बर्फाच्या बातम्या वाढणार आहेत. त्या समजायच्या तर शब्द नेमके हवेत.

दुसरं कारण माणसांचं. आमच्या तालुक्यातली पोरं सैन्यात जातात, ट्रक घेऊन काश्मीरपर्यंत जातात, काही शिकायला कॅनडा-अमेरिकेत जातात. 'गिरिप्रेमी' या संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्ट गाठलं, तेव्हापासून मराठी घरांत हिमालयाच्या गोष्टी अधिक हक्कानं होऊ लागल्या. परदेशातल्या मराठी घरांत तर 'रात्रभर स्नो पडला', 'सकाळी स्नो काढायचाय' ही वाक्यं आपोआप तयार झाली आहेत. तिथं 'ब्लॅक आइस' म्हणजे काळा बर्फ नव्हे, रस्त्यावर बसलेला, डोळ्यांना न दिसणारा पारदर्शक थर, हे माहीत नसेल तर हाडं मोडतात. 'स्लीट' ब्रिटनमध्ये पाऊस-हिमाचं मिश्रण आणि अमेरिकेत बर्फाचे कडक दाणे, हेही माहीत असावं.

तिसरं कारण मराठीचं. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश यांनी हिमरेषा, हिमनदी, हिमस्खलन असे चांगले शब्द घडवले आणि रुळवले. पण ते भूगोलाच्या पानावर राहिले. रोजच्या बोलण्यातला बर्फ अजून गोळ्याच्या गाडीवरच आहे.

हे पुस्तक काय करतं

या कोशात प्रत्येक शब्दाचा आधी विग्रह आहे, मग तो शब्द जिथं वापरतात तिथलं एक चित्र, आणि शेवटी मराठी पर्याय. पर्याय देताना तीन वाटा धरल्या आहेत. रुळलेला शब्द असेल तर तोच. नसेल तर बोलीतून उचललेला. स्लशला 'बर्फाचा राडा', स्नोड्रिफ्टला 'वाऱ्यानं रचलेली बर्फाची गंजी', फ्रॉस्टशेजारी आमचा 'दवाळ'. आणि तेही जमलं नाही तर इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच ठेवला आहे. स्कीला ओढूनताणून 'हिमघसरपट्टी' म्हणायचा मोह टाळला.

हा इंग्रजीतल्या सगळ्या हिमशब्दांचा कोश नाही. तसा होऊही शकत नाही. वनस्पती आणि प्राण्यांची नावं निवडकच घेतली आहेत. खेळांचे शब्द जुजबी आहेत, कारण घसरण्याच्या खेळांचं पुस्तक लिहायला घसरलेला माणूस हवा. मी आजवर पडता बर्फ एकदाही पाहिलेला नाही, हे वाचकाला सांगून ठेवणं माझं कर्तव्य आहे. म्हणून जिथं तपासता आलं नाही तिथं नोंदच घेतली नाही.

हे पुस्तक वाचताना एक काम करा. एखादा इंग्रजी जोडशब्द अडला की आधी स्वतः विग्रह करून बघा आणि मगच खालचा अर्थ वाचा. दहातले सात जमतील. न जमलेले तीन तुम्हाला त्या देशातल्या कामाकडे नेतील. आणि तुमच्या वावरातले, बाजारातले, आजीच्या तोंडातले दव-धुवारीचे, गारठ्याचे, कापसाचे शब्द कुठं लिहिलेले नसतील तर ते लिहून ठेवा. या पुस्तकाच्या शेवटी त्यासाठी कोरी पानं सोडली आहेत. इंग्रजीतले हिमशब्द टिपून ठेवणारे पुष्कळ आहेत, तुमचे शब्द तुम्हालाच टिपावे लागतील.

पांढरकवडा
कापूस वेचणीचे दिवस